एक थाप माफ: बारा ते सोळा वयाच्या मुलांसोबत विज्ञानकथा वाचताना

भाची बारा वर्षांची झाली तेव्हा मी तिला एक जाडजूड विज्ञानकादंबरी भेट दिली. मुखपृष्ठावर यान, मागे लाल ग्रह, सगळा थाट. तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं. अकराव्या पानात पीएमपी बसचं तिकीट खुणेला तसंच होतं. "मामा, यात गोष्ट सुरू कधी होते रे?" एवढंच तिने विचारलं.

चूक माझी होती. पुस्तक हातात ठेवलं आणि मी मोकळा झालो. विज्ञानकथेत सुरुवातीची काही पानं वाचणाऱ्याला चाचपडावं लागतं. हे जग कुठलं, इथे काय चालतं, काय चालत नाही, हे लेखक मुद्दामच लगेच सांगत नाही. सरावलेल्या वाचकाला त्यातच गंमत येते. नवख्या मुलाला मात्र वाटतं, आपलं विज्ञान कच्चं आहे म्हणून कळत नाहीये. आणि पुस्तक मिटतं. म्हणून पहिल्या चार-पाच कथा तरी सोबत बसून वाचाव्यात. पुढे मुलं आपल्याला विचारतसुद्धा नाहीत.

त्या फजितीनंतर मी दर शनिवारी सात-आठ मुलांना घेऊन वाचायला बसू लागलो. त्यातून जी पद्धत बसली ती इथे देतोय. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: विज्ञानकथेच्या लेखकाला एक थाप माफ असते. फक्त एक. काळात मागे जाता येतं, किंवा परग्रहावरून निरोप आला, किंवा इतिहासातली एक गोळी चुकली. ती थाप मारून झाली की पुढे त्याने खरं बोलायचं. वाचणाऱ्याचं काम आधी थाप पकडायची, मग लेखक बाकीच्या ठिकाणी इमानदारीने वागतोय का ते तपासायचं. मुलांना हे काम फार आवडतं. मोठ्या माणसाला पकडायला कोणाला आवडत नाही?

आधी कथा, कादंबरी नंतर

सुरुवात दहा ते वीस पानांच्या कथेने करा. एका बैठकीत संपते, आणि थाप कुठे आहे ते त्याच दिवशी कळतं. मराठीत ही सोय उत्तम आहे, कारण आपल्याकडची विज्ञानकथा दिवाळी अंकांतून आणि मासिकांतून वाढली. लहान पल्ल्याचं लेखन भरपूर आहे.

पहिल्यांदा मी जयंत नारळीकरांच्या दोन कथांपैकी एक घेतो. मुलाला इतिहास आवडत असेल तर 'गंगाधरपंतांचे पानिपत', क्रिकेट आवडत असेल तर 'उजव्या सोंडेचा गणपती'. दुसऱ्या कथेआधी कागदाची एक लांब पट्टी कापून, तिला अर्धा पीळ देऊन, टोकं चिकटवून मुलांच्या हातात द्या आणि पेन्सिल न उचलता मधोमध रेघ ओढायला सांगा. रेघ 'दोन्ही' बाजूंनी फिरून सुरुवातीलाच येऊन मिळते, कारण त्या पट्टीला बाजू एकच असते. याला मोबियसची पट्टी म्हणतात. तिचा क्रिकेटशी आणि गणपतीच्या सोंडेशी काय संबंध, ते कथाच सांगेल.

नारळीकरांचा एक किस्सा मुलांना आधी सांगून टाकतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण टोपणनावाने: नारायण विनायक जगताप. तेव्हाही ते जगभर नाव झालेले खगोलशास्त्रज्ञ होते. नाव बघून बक्षीस मिळू नये, एवढाच हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आता या टोपणनावाची आद्याक्षरं उलटी वाचा, असं म्हटलं की पाच सेकंदांत कोणीतरी ओरडतं.

पुस्तक मिळवताना

वाचनालयात पुस्तकाच्या नावाने शोधू नका, लेखकाच्या नावाने शोधा. मराठी विज्ञानकथांची नावं फसवी असतात. 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासुर' ही सगळी नारळीकरांची पुस्तकं. यातलं पहिलं मला एका वाचनालयात (नाव नको) पौराणिकच्या कपाटात, महाभारताला खेटून उभं असलेलं सापडलं. ग्रंथपालबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "अहो, यक्षप्रश्न वगैरे असेल ना?" दुसऱ्या टोकाचा घोळ म्हणजे विज्ञानकथा 'विज्ञान' या कपाटात, सौरऊर्जेच्या माहितीपुस्तकांच्या रांगेत ठेवणं. तिथे मुलं फिरकतच नाहीत.

कथासंग्रह घेताना अनुक्रमणिका बघून घ्या. निरनिराळ्या निवडक संग्रहांत कथा इकडून तिकडे झालेल्या असतात. आणि जुने दिवाळी अंक टाकू नका. रद्दीच्या दुकानात 'नवल' किंवा 'धनंजय'चे जुने अंक मिळाले तर उचला.

पहिलं वाचन: थांबायचं नाही

पहिली तीन पानं मोठ्यांनी, तुम्ही स्वतः वाचा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी तर हे करायलाच हवं. त्यांना कथा समजते, जोडाक्षरांचा वेग झेपत नाही. काहीतरी विचित्र घडलं की तिथेच पुस्तक त्यांच्या हातात द्या. मी बरोबर त्या क्षणी चहा टाकायला उठतो. परत येईपर्यंत दोन पानं पुढे गेलेली असतात.

या वाचनात मोबाइलवर काही शोधायचं नाही, अर्थ विचारायचा नाही. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब द्यायचं आणि पुढे सरकायचं. (पुस्तक वाचनालयाचं असेल तर कागदाच्या चिटोऱ्यावर.) शेवटी टिंबं मोजली तर तीसपैकी वीस शब्द वाचता वाचता आपोआप कळलेले असतात. उरलेले फोडून दाखवायचे. कृष्ण म्हणजे काळं, विवर म्हणजे भोक, म्हणजे कृष्णविवर म्हणजे आपलं ब्लॅक होल. दीर्घिका म्हणजे गॅलॅक्सी. जनुक म्हणजे जीन. इंग्रजीत शिकलेल्या मुलांना हे आधी हसू आणतं, आणि दोन आठवड्यांनी तीच मुलं आईला "माझ्या खोलीचं कृष्णविवर झालंय" असं सुनावतात.

एक शब्द मात्र आधीच सांगून टाका, कारण तो हमखास फसवतो: प्रकाशवर्ष. नावात वर्ष असलं तरी ते अंतर आहे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

थाप पकडणं

आता खरं काम. दुसऱ्या दिवशी, लगेच नको, मुलाला एका ओळीत लिहायला सांगा: "या कथेत ... असं मानलं आहे." गाळलेल्या जागी एकच गोष्ट.

'गंगाधरपंतांचे पानिपत' घेऊ. शेवट सांगणार नाही, घाबरू नका. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठ्यांचा धीर सुटला, हा आपला इतिहास. कथेतले इतिहासाचे प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पोचतात जिथे ती गोळी तिळाएवढ्या फरकाने चुकलेली आहे.

मुलं पहिल्या फेरीत लिहितात: "मराठे पानिपत जिंकले असं मानलं आहे." जवळजवळ बरोबर, पण ती थाप नव्हे. तो थापेचा परिणाम झाला. थाप आहे तिळाएवढी. हा फरक मुलाच्या हातून निघाला की त्याला विज्ञानकथा कशी बांधतात ते कळलंच म्हणून समजा. यासाठी मी फळ्यावर साखळी काढतो. डावीकडे 'गोळी चुकली', मग बाण, मग 'विश्वासराव वाचले', मग 'सैन्याचा धीर टिकला', मग लढाई, मग दिल्ली, मग पेशवाई, मग इंग्रज. प्रत्येक बाणावर मुलांनी विचारायचं: हे असंच झालं असतं का? का? इथे वाद होतात, आणि होऊ द्यावेत. आमच्याकडे एकदा 'मग इंग्रज' या बाणावर पाऊण तास गेला. लेखकाने त्याच्या जगात ईस्ट इंडिया कंपनीचं काय केलंय, मुंबईचं काय केलंय, हे मुलांनी पुन्हा पानं उलटून शोधलं. मी काही बोललो नाही. पुन्हा पानं उलटायला लावणं हाच तर हेतू होता.

दुसरा प्रश्न: लेखकाने थापेला आधार काय दिला? इथे कथेत एक भौतिकशास्त्रातला माणूस येतो आणि कणांच्या जगात एका कारणाचा एकच परिणाम ठरलेला नसतो, ही पुंजभौतिकीची (क्वांटम फिजिक्सची) गोष्ट सांगतो. मुलांना ती पूर्ण कळत नाही. मलाही विचाराल तर... असो. कळायला हवी असा आग्रह नको. "लेखकाने कुठल्या शास्त्राच्या खांद्यावर थाप उभी केली?" याचं उत्तर मिळालं तरी पुरे.

एक सोय सांगून ठेवतो. याच कथेचं इंग्रजी रूप, 'द अ‍ॅडव्हेंचर', एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात आहे. सीबीएसईच्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मराठी घरातल्या मुलांनी आधी तो धडा वाचावा, मग मूळ मराठी कथा. गोष्ट माहीत असल्याने भाषेची भीती निघून जाते.

हिशेब घालणं

थाप सोडून उरलेलं सगळं खरं आहे का, ते तपासायची पायरी. दर कथेला नको, नाहीतर गोष्टीचा गृहपाठ होतो. पण एकदा तरी कागद-पेन्सिल घेऊन बसाच. यासाठी माझी आवडती निवड भा. रा. भागवतांची आहे. फास्टर फेणे लिहिणाऱ्या भागवतांनी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठीत आणला: 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना याहून चांगलं दार नाही. वाक्यं चटचट पळतात.

व्हर्नची चंद्राची मूळ कादंबरी १८६५ सालची. माणसं चंद्राकडे जातात ती तोफेतून. नळी ९०० फूट लांब, म्हणजे २७४ मीटरच्या आसपास, आणि गोळा सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. हा वेग व्हर्नने उगाच ठोकून दिलेला नाही. पृथ्वीचं ओढणं सोडून जायला सेकंदाला ११.२ किलोमीटर लागतात. म्हणजे इथे तो इमानदार आहे.

आता नववीच्या पुस्तकातलं समीकरण काढा: व्ही-वर्ग बरोबर यू-वर्ग अधिक दोन ए एस. सुरुवातीचा वेग शून्य. शेवटचा वेग सेकंदाला ११,००० मीटर, त्याचा वर्ग १२ कोटी १० लाख. त्याला भागा दोन गुणिले २७४, म्हणजे ५४८ ने. त्वरण येतं सुमारे २ लाख २० हजार. पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण ९.८. भागाकार करा: साडेबावीस हजार पट! ५० किलोच्या मुलाला त्या क्षणी आपलं वजन अकराशे टनांहून जास्त भासेल. भासायला तो उरला तर. आजच्या अंतराळवीरांना उड्डाणात साधारण तीन-चार पट जाणवतं.

हा हिशेब सुटला तेव्हा एक मुलगा खुर्चीवरून उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि हळूहळू 'चपटा' झाला. व्हर्नला धक्क्याची कल्पना होती हेही सांगायला विसरू नका. म्हणून तर त्याने गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवलाय. पुरला नसता, पण विचार केला होता. आणि ज्या फ्लोरिडातून त्याने तिघांना पाठवलं, त्याच फ्लोरिडातून १०४ वर्षांनी, १९६९ मध्ये, अपोलो ११ मधून तिघं गेले. हे ऐकल्यावर मुलांचं व्हर्नशी भांडण मिटतं.

ज्यांना गणित नको त्यांच्यासाठी बातम्या आहेत. नारळीकरांच्या 'धूमकेतू' कथेत एक धूमकेतू पृथ्वीवर आदळायच्या बेतात असतो आणि शास्त्रज्ञ त्याला वाटेवरून ढकलायचा घाट घालतात. त्यानंतर कित्येक वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२२ ला, नासाचं डार्ट हे यान, एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डिमॉर्फोस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आपटवण्यात आलं. ११ तास ५५ मिनिटांत होणारी त्याची प्रदक्षिणा सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. कथेत एकीकडे विज्ञान आणि दुसरीकडे घरात यज्ञ असाही एक पदर आहे. त्यावर घरी बोलाच. आजी शेजारी असेल तर फारच छान.

सालाकडे बघा

पुस्तक उघडल्यावर प्रथमावृत्तीचं साल एका चिटोऱ्यावर लिहून खुणेसारखं आत ठेवायचं. छोटी गोष्ट आहे, पण तिच्यामुळे निम्म्या तक्रारी मिटतात. "हा एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि तार कशाला करतो? फोन नाही का करता येत?" असं मुलं विचारतातच. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. त्याआधीच्या कथेतला शास्त्रज्ञ ट्रंककॉलच लावणार. मग उलटा खेळ खेळता येतो: लेखकाला काय दिसलं होतं, आणि डोळ्यांसमोर असून काय दिसलं नाही? मुलींना एक गोष्ट चटकन दिसते. जुन्या कथांत यानं दीर्घिका ओलांडतात, पण चहा मात्र वहिनीच आणते. त्यावर सारवासारव करू नका, खरंच आहे ते.

पुढची शिडी

पाच-सहा कथा झाल्या की मुलाचा कल कळतो. त्यानुसार पुढचं पुस्तक द्या. शरीर, औषधं, पेशी यांत रस असेल तर बाळ फोंडके. ते स्वतः भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवशास्त्राचं संशोधन करत होते, आणि त्यांच्या कथेत अनेकदा गुन्ह्याचा तपासही असतो, त्यामुळे पानं भराभर उलटतात. माणसांच्या स्वभावाकडे ओढा असेल तर सुबोध जावडेकर, 'गुगली'पासून. लक्ष्मण लोंढ्यांची 'दुसरा आइनस्टाइन' चौदा वर्षांपुढच्या मुलांना द्या. अमेरिकन विज्ञानकथाकार जेम्स गन यांनी जगभरच्या विज्ञानकथांचा जो इंग्रजी संग्रह केला, त्यात ती गेली. शुभदा गोगट्यांचं 'यंत्रायणी', निरंजन घाट्यांचं 'स्पेसजॅक' हीही याच टप्प्यावर. नारायण धारपांचं नाव भयकथांसाठी घेतात, पण 'नेनचिम'सारखी विज्ञानाकडे झुकलेली कादंबरीही त्यांची आहे. ती पंधरानंतर.

कादंबरीला आता हरकत नाही. नारळीकरांची 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला' घ्या. भाचीने 'वामन' दोन दिवसांत संपवलं. तिकीट न अडकवता.

आणि मुलाला एखादं नाही आवडलं तर सोडून देऊ द्या. पन्नास पानं वाचून सोडायची मुभा मी आधीच जाहीर करतो. अट एकच, थाप पटली नाही की थापेनंतरचं पटलं नाही, ते सांगायचं.

बोलताना

"या कथेतून काय शिकलास?" हा प्रश्न घरात आणि वर्गात बंद. तो विचारला की मुलं पर्यावरण वाचवा, विज्ञान शाप की वरदान, अशी परीक्षेतली उत्तरं काढून देतात. त्याऐवजी विचारा: या जगात सर्वांत जास्त फायदा कोणाचा झाला? कोणाचा धंदा बसला? या जगातली शाळा किती वाजता भरत असेल? त्याच्याआधी, मजकुरात आहे तेवढंच बोलायचं असा नियम पाच मिनिटं पाळा, मग मोकळं सोडा.

शेवटी स्वतःची थाप

आठ-दहा कथांनंतर प्रत्येकाने एक थाप आणायची आणि तिची पाच बाणांची साखळी करायची. पूर्ण कथा लिहायचा आग्रह नको. कोणाची जमलीच, तर १९६६ पासून मुंबईत काम करणाऱ्या मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा आहे. नारायण विनायक जगताप तिथूनच आले.

पहिल्या खेपेला बहुतेक जण 'रोबोट जगाचा ताबा घेतात' आणतात. घ्या, नाक मुरडू नका, फक्त विचारा: सोमवारी सकाळी ताबा घेतला, तर दूध कोण टाकणार?

आमच्या भाचीने जी थाप आणली ती मी जपून ठेवली आहे. पुण्यात बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असतं, तसं गुरुवारी गुरुत्वाकर्षण अर्धं. नावातच गुरु आहे म्हणून, असं तिचं शास्त्र. पहिला बाण: पर्वतीवर गुरुवारी आजी-आजोबांची गर्दी. दुसरा: शाळेतले उंच उडीचे विक्रम गुरुवारी धरायचे नाहीत, असा फलक. तिसरा: टँकरवाल्यांना दुप्पट पाणी नेता येतं, पण पाणी तर गुरुवारीच बंद. चौथा: मंडईतले भाजीवाले दर गुरुवारी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आत ठेवतात आणि जुनी, दोन पारड्यांची तागडी बाहेर काढतात.

पाचवा बाण तिने रिकामा ठेवला होता. चौथ्यावर सगळे गप्प झाले. दहा मिनिटांनी सहावीतला एक मुलगा म्हणाला, "अरे, तागडीच्या दोन्ही बाजू अर्ध्या होतात!"